चौऱ्याहत्तर वर्षं बांधून ठेवलेली दुरुस्ती

सूड ही मानवजातीची सर्वांत टिकाऊ निर्मिती आहे. साम्राज्यं कोसळली, नद्यांनी पात्रं बदलली, लोखंडी पूल गंजून पाण्यात गेले. सूड मात्र झळाळत राहिला. तो जपायला पोलादी छाती लागते, पहाडासारखा माणूस लागतो, असं म्हणतात. आमच्या मावशीची उंची चार फूट दहा इंच होती आणि तिचा सूड बिस्किटांच्या डब्यात होता. डब्याच्या झाकणावर मांजरीची दोन पिल्लं लोकरीच्या गुंड्याशी खेळत होती.

डब्यात बिस्किटं नव्हती. जाड फडक्यात गुंडाळलेला, तळहाताएवढा, शिशाच्या अक्षरांचा एक ठोकळा होता, चारी बाजूंनी दोऱ्याने आवळून बांधलेला. छपाई हाताने व्हायची त्या काळात प्रत्येक अक्षराचा एक खिळा असे. खिळ्याला खिळा लावून ओळ करायची, ओळीला ओळ लावून मजकूर करायचा, आणि छापायला अवकाश असेल तर तो दोऱ्याने बांधून ठेवून द्यायचा. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणत. आमच्या गावच्या साप्ताहिकात मावशी जुळारी होती. बाई असून जुळारी, म्हणून गावाने आधी नाकं मुरडली, मग तोंडात बोटं घातली, आणि सवय झाली तशी नाकं आणि बोटं दोन्ही जागच्या जागी नेऊन ठेवली.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. मावशीला ते जन्मापासून सुलटच होतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुकानांच्या काचांवर पाट्या रंगवायचे. रंग पावसाने जाऊ नये म्हणून काचेच्या आतल्या बाजूने. त्यामुळे अक्षरं उलटी काढायची. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मावशी वाचायला शिकली. शाळेत गेल्यावर मास्तरांना वाटलं, पोरगी मंद आहे. पोरीने घरी येऊन सांगितलं, मास्तर सगळं उलटं लिहितात. अठराव्या वर्षी साप्ताहिकाच्या मालकांनी परीक्षा म्हणून तिला एक बांधलेला मजकूर दाखवला. तिने तो धडाधड वाचला आणि वर सांगितलं, "यात अध्यक्षांचे आभार दोनदा मानलेत." मालक म्हणाले, "उद्यापासून ये."

तिथेच मशीन चालवायला एक उंच, शीळ घालणारा माणूस होता. दोघांचं जमलं. कसं जमलं, ते तिने कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "मशीनच्या आवाजात काय बोलणं होणार? जमलं." ते आमचे काका.

आता छापखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. मशीनचे रूळ पुसायला हात आत घालावा लागे. त्यासाठी मशीन बंद करायचं आणि स्वतःची टोपी काढून चालू करायच्या दांड्यावर अडकवायची. दांड्यावर टोपी याचा अर्थ आत हात आहे. ती टोपी ज्याची त्यानेच काढायची. मालकानेसुद्धा हात लावायचा नाही. सगळं गाव छापणाऱ्या त्या जागेत हा एकच नियम कुठे छापलेला नव्हता, आणि तो एकच सगळे पाळत.

सगळे, म्हणजे मालकांचा मुलगा सोडून. तो तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याला धाकटे मालक म्हणत. (थोरले जाऊन साठ वर्षं झाली, यांना स्वतःला पणतवंडं झाली, तरी गावात हे धाकटेच राहिले.) एका दुपारी ते दोन मित्रांना छापखाना दाखवायला घेऊन आले. काका रूळ पुसत होते. टोपी दांड्यावर होती. धाकट्या मालकांनी ती उचलून गमतीने स्वतःच्या डोक्यावर घातली आणि दांडा ओढला.

उजव्या हाताची चार बोटं गेली. मावशी पंधरा पावलांवर उभी राहून गुलाबांच्या प्रदर्शनाची बातमी जुळवत होती. तिने सगळं पाहिलं.

शुक्रवारच्या अंकात बातमी आली. पहिलं पान, डावा कोपरा, खाली. "मशीनवर अपघात. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे चार बोटे निकामी." थोरल्या मालकांनी ती स्वतः लिहिली आणि जुळवायला मावशीच्या हातात दिली, कारण दुसरा जुळारी नव्हता.

"मालक, हे खरं नाही," मावशी म्हणाली.

"बाई, पोराच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुमच्या माणसाला आपण वाऱ्यावर सोडणार आहोत का?"

सोडलं नाही. चांगला महिनाभर धरून ठेवलं, मग सोडलं.

मावशीने ती बातमी जुळवली. नवरा दवाखान्यात, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, जुळवली. पंचवीस वर्षांच्या बाईने स्वतःच्या नवऱ्याचा निष्काळजीपणा एकेक खिळा उचलून स्वतःच्या हाताने उभा केला. ती मला एकदा म्हणाली होती, "हात सरावाने चालतात रे. त्यांना कळत नाही काय जुळवताहेत. मला कळत होतं."

यापुढचं मात्र तिला कधी सहन झालं नाही. काकांनी दवाखान्यात अंक वाचला. पहिल्या दिवशी ते संतापले. पण आयुष्यभर छापून काढलेल्या कागदाबद्दल त्यांना मोठा आदर होता. महिन्याभराने त्यांनी विचारलं, "टोपी लावायची राहिली असेल का गं त्या दिवशी?" मावशी म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिली टोपी." ते म्हणाले, "तू लांब होतीस." वर्षभराने ते म्हणू लागले, "माझंच चुकलं." निष्काळजी माणूस म्हणून दुसऱ्या कुठल्या छापखान्याने त्यांना उभं केलं नाही. एका गोदामावर पहारा करत अकरा वर्षं काढली आणि गेले. शेवटच्या आजारात एका नव्या डॉक्टरने हाताबद्दल विचारलं, तर म्हणाले, "कामगाराचा निष्काळजीपणा." हा शब्द त्यांच्या बोलण्यातला नव्हता. तो पहिल्या पानावरून आला होता, आणि तो मावशीने जुळवला होता.

सूड मात्र त्याच्या कितीतरी आधी तयार झाला होता. अपघातानंतर दुसऱ्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेलेले असताना तिने एका कागदावर दुरुस्ती लिहिली, ती जुळवली, दोऱ्याने बांधली, आणि कागद शेगडीत टाकला. बांधलेला मजकूर सगळ्यात खालच्या खणात, मोडक्या खिळ्यांच्या मागे ठेवून दिला.

प्रूफ काढलं नाही. काढणार कसं? मशीनपासून लांब राहावं म्हणून वडिलांनी धाकट्या मालकांना प्रूफं तपासायच्या टेबलावर बसवलं होतं. जे काही छापायचं ते आधी त्यांच्या नजरेखालून जायचं, खाली "छापावे" अशी सही व्हायची, मगच मशीनवर चढायचं. म्हणजे ते जिवंत आहेत तोवर ही दुरुस्ती छापली जाणं शक्य नव्हतं. तेव्हा मावशीने साधा हिशेब केला. ते मेले की पुढच्याच अंकात, पहिल्या पानावर, त्यांच्या फोटोखाली, डाव्या कोपऱ्यात ही दुरुस्ती टाकायची. त्यासाठी तिला एकच गोष्ट करायची होती. त्यांच्यानंतर मरायचं होतं.

ती दोन वर्षांनी मोठी होती. त्यामुळे तिने कामाला लवकर सुरुवात केली. पंचविसाव्या वर्षापासून ती रोज सकाळी तासभर चालू लागली. मीठ कमी केलं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायची. तिच्याकडे जेवायला गेलं की आपलं जेवण, गप्पा आणि एक डुलकी आटोपायची, तरी ती दुसऱ्या पोळीवर असायची. जिना चढताना कठडा धरायची. घसरेल अशी चप्पल तिने आयुष्यात पायात घातली नाही. लोक म्हणत, काय ही बाई, नवरा गेला तरी जगण्याची केवढी हौस! हौस कसली? ती नोकरी होती तिची. छापखान्यातली जोडीला.

मधल्या काळात हात रिकामे नकोत म्हणून ती लहानसहान सूडही उगवायची. धाकटे मालक अग्रलेख लिहू लागले, तेव्हा तिने त्यातले परिच्छेद मागेपुढे करून टाकले. परिणाम वाईट झाला. गावाला ते अग्रलेख फार खोल वाटले आणि धाकट्या मालकांना भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. त्यांच्या लग्नाच्या बातमीला तिने निधनवार्तेची काळी चौकट लावली. तीही प्रूफातून निसटली आणि तशीच छापली गेली. ते कात्रण त्यांच्या बायकोने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कधीही उतरवू दिलं नाही.

पण या उद्योगाचा एक तोटा झाला. दर आठवड्याला ती कुठेतरी सुरुंग पेरते, हे ध्यानात आल्यावर धाकटे मालक डोळ्यांत तेल घालून प्रूफं वाचू लागले. दोन-चार वर्षांत त्यांच्या नजरेतून मुंगीही सुटेना. मोठमोठ्या शहरांतले छापखाने आपली प्रूफं त्यांच्याकडे पाठवू लागले. चांगला तपासनीस कसा घडवावा, याचं शिक्षण द्यायचं ठरवलं असतं तरी तिला इतकं जमलं नसतं.

दोघं बोलत फार कमी. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा मावशीने नवा पोशाख शिवून घेतला. ते बरे झाले. पोशाख तिने कपाटात ठेवून दिला. एकाहत्तराव्या वर्षी त्यांचं पोट कापलं, तेव्हा ती फळं घेऊन दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "किती दिवस?"

"घाबरू नका बाई, वाचतील."

"नक्की?"

"अगदी शंभर टक्के."

"एवढं खात्रीने नका सांगू कुणाला," मावशी म्हणाली आणि फळं परत घेऊन आली.

तिचा खुब्याचा सांधा बदलला तेव्हा ते काठी टेकत तिला पाहायला आले. पलंगापाशी उभे राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत तिला निरखलं, प्रूफ निरखावं तसं. "बऱ्या दिसता," म्हणाले. आवाजात निराशा होती की काय, मला सांगता येणार नाही. मावशीला सांगता येत होतं. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "बोलणी करायला आला होता मेला."

मधे संगणक आले. खिळे वजनावर भंगारात गेले. सगळं सामान गाडीत चढत असताना मावशी खालच्या खणातला ठोकळा फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आली आणि मांजरांच्या डब्यात ठेवला. पुढे दर रविवारी ती डबा उघडायची, मऊ कुंचल्याने धूळ झटकायची आणि मजकूर धातूवरच वाचायची. दोरा तीनदा बदलला. मजकुराला धक्का लागू दिला नाही.

असं करता करता ती नव्व्याण्णव वर्षांची झाली आणि ते सत्त्याण्णव.

त्या वर्षी मावशी चालता चालता कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानासमोर मटकन बसली. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, कागद पाहिले, पुन्हा तपासलं.

"हृदय थकलंय, आजी. आता जपायचं."

"पंचविसाव्या वर्षापासून जपतेय. किती राहिलं ते सांगा."

"असं महिन्यांत सांगता येत नसतं."

"महिने कुणी विचारले? अंक सांगा. साप्ताहिकाचे किती अंक?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"दहा," त्या हळूच म्हणाल्या. "बारा, फार तर."

"आणि तिकडे काय परिस्थिती?" मावशीने विचारलं. गावात डॉक्टर एकच होत्या आणि 'तिकडे' म्हणजे कुठे, हे त्यांना ठाऊक होतं.

"दुसऱ्या पेशंटचं मी सांगू शकत नाही."

"चेहऱ्यावरून कळलं. ठणठणीत आहे."

आम्ही घरी आलो. दारात किल्ली लावता लावता म्हणाली, "हरले रे." नव्व्याण्णव वर्षांच्या माणसाला मी पहिल्यांदाच असं रडकुंडीला आलेलं पाहिलं. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "पेपर आता कोण बघतं?"

"त्यांची नात."

"चल."

नात तिशीची होती, केस आखूड कापलेले, टेबलावर दोन संगणक. मावशीने सगळं सांगितलं, टोपीपासून बोटांपर्यंत. मला वाटलं, ही आता आम्हाला चहा पाजून वाटेला लावणार. नातीने संगणकावरून हात काढले. मग म्हणाली, "आजोबा कुणाला टोपी घालू देत नाहीत घरात. माझे भाऊ उन्हातसुद्धा बोडक्याने हिंडायचे. कारण कधी कळलं नव्हतं." तिने पहिल्या पानाचा आराखडा पुढे ओढला. "डावा कोपरा, खाली. या शुक्रवारी. बुधवारी संध्याकाळपर्यंत मजकूर आणून द्या."

मी मनात म्हटलं, संपलं. चौऱ्याहत्तर वर्षांचं काम पाच मिनिटांत उरकलं.

मी मावशीला ओळखत नव्हतो.

घरी आल्यावर तिने डबा उघडला. शिक्क्याच्या पॅडची शाई अक्षरांना लावली, वर ओला करून टिपलेला कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. कागद उचलला. चौऱ्याहत्तर वर्षांनी पहिल्यांदा ती अक्षरं सुलटी झाली. तिने कागद माझ्यापुढे धरला.

"वाच."

मी वाचलं: "दुरुस्ती. मशीनवरील अपघाताच्या बातमीत कामगाराचा निष्काळजीपणा असे आम्ही छापले, ते चूक आहे. रूळ पुसताना मशीन बंद होते व दांड्यावर कामगाराची टोपी अडकवलेली होती. टोपी दांड्यावर असताना मशीन चालू करू नये हा येथील नियम आहे. कामगाराचा काही दोष नाही."

"उत्तम आहे," मी म्हणालो. "देऊन येतो."

"असं कसं देऊन येतोस? तपासलं कुणी?"

"मी वाचलं की."

"तू वाचलंस. वाचणं वेगळं, तपासणं वेगळं. जन्मभर बँकेत सह्या तपासल्यास आणि स्वतःच्या लग्नपत्रिकेत बापाचं नाव चुकवलंस."

"मग तूच बघ एकदा."

"जुळवणाऱ्याने तपासायचं नसतं," ती म्हणाली, जणू मी तिला चोरी करायला सांगितली होती. "बिनसहीचं प्रूफ मी आयुष्यात छापायला दिलेलं नाही. हे तर मुळीच देणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, बाईने रागारागात काहीतरी खरडलं."

"मग तपासणार कोण? या गावात हाताने जुळवलेलं प्रूफ तपासणारा माणूस आता..."

मी थांबलो. तीही थांबली. त्या कलेतला एकच माणूस जिवंत होता.

"नाही," मी म्हणालो.

"चप्पल दे," मावशी म्हणाली.

धाकटे मालक खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. अंगावर शाल, गुडघ्यावर भिंग. त्यांची काळजी घेणारी बाई आत भांडी आवरत होती. भिंतीवर काळ्या चौकटीतली लग्नाची बातमी होती. मावशी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"काय आणलंत, बाई?"

"प्रूफ."

त्यांनी हात पुढे केला. विचार करून नव्हे. सत्तर वर्षं हा शब्द ऐकला की तो हात पुढे व्हायचा, तसाच झाला. भिंग लावलं, बोट ओळीवर ठेवलं. पहिल्या ओळीवर बोट थबकलं. मग पुढे सरकलं. अगदी सावकाश, अक्षर अक्षर करत ते शेवटपर्यंत गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो; मावशी बोटाकडे.

"कधी जुळवलंत?"

"अपघातानंतर दुसऱ्या आठवड्यात."

"हं." त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. शेवटी ते म्हणाले, "ओळ गळलीय."

"काही गळलेलं नाही," मावशी कडाडली. "दर रविवारी वाचतेय मी."

"तिथेच चुकलं. जुळवणाऱ्याने तपासायचं नसतं. वडील बोंबलून बोंबलून गेले." त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. टोपी अडकवलेली होती. पुढचं वाक्य, टोपी दांड्यावर असताना वगैरे. तुमच्या कागदावर या दोघांच्या मधे एक ओळ असणार, तीही टोपीपासूनच सुरू होणारी. टोपीवरून नजर घसरून दुसऱ्या टोपीवर गेली. नवशिके करतात ही चूक." मग जरा थांबून म्हणाले, "टोपी काढली कुणी, ते यात कुठेच नाही."

मावशीने कागद ओढून घेतला. नाकाजवळ धरून वाचला. पुन्हा वाचला. ती ओळ तिने लिहिली होती, तिला ती तोंडपाठ होती, आणि दर रविवारी जिथे ती नव्हती तिथे तिने ती वाचली होती. सगळं आयुष्य मीठ कमी खाऊन ज्या माणसाचं नाव जगापुढे आणायचं, त्याचं नावच तिने जुळवलेलं नव्हतं. कागद तिने परत त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. मी पाण्यासाठी उठलो, तर तिने मला डोळ्यांनीच बसवलं.

"तुम्हाला गप्प बसता आलं असतं," ती त्यांना म्हणाली.

"आलं असतं."

"सही करून दिलं असतंत तर तसंच छापलं गेलं असतं."

"हो ना." ते वैतागून म्हणाले. "पण समोर ओळ गळलेली दिसतेय, आणि सही कशी करू? पेन आहे का कुणाकडे?"

मी पेन दिलं. त्यांनी दोन वाक्यांच्या मधे खूण केली, समासापर्यंत रेघ ओढली आणि लिहू लागले. पाव तास लागला. अक्षर वाकडंतिकडं, पण प्रत्येक शब्द वाचता येईल असं. "टोपी मी काढली व दांडा ओढला. मित्रांना मशीन चालवून दाखवायचे होते. टोपीचा अर्थ मला माहीत होता."

मावशीने वाचलं. शेवटच्या वाक्यावर ती अडली.

"हे माझ्या मजकुरात नव्हतं."

"नव्हतं. तुम्हाला माहीत नव्हतं ते."

"पोर आहे, कळलं नसेल, असं आमचे हे सुरुवातीला म्हणायचे."

धाकट्या मालकांनी कागद पुन्हा पुढे ओढला. खाली "दुरुस्तीसह छापावे" असं लिहून सही केली, तारीख टाकली.

मावशीने कागदाची घडी घातली. खुर्चीतून उतरली. दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "अजून एक ओळ आहे."

त्यांनी सवयीने पेन उचललं. "सांगा."

"लिहायची नाहीये. अकरा वर्षं जगले ते, आणि मरेपर्यंत चूक आपलीच समजत होते. शेवटच्या आजारातसुद्धा डॉक्टरला तसंच सांगितलं, तुमच्या वडिलांच्या शब्दांत. ही छापायची नाही. ही तुम्ही ठेवा."

पेन टेबलावर ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मावशीने ते नीट पाहून घेतलं आणि मगच बाहेर पडली. जिना उतरताना कठडा धरला.

गळलेली ओळ जुळवायला आता गावात एकही खिळा नव्हता. नातीने प्रूफाचाच फोटो काढला आणि शुक्रवारी पहिल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात खाली, जसाच्या तसा छापला: मधे खूण, समासात हस्ताक्षर, खाली सही आणि तारीख. सकाळी नऊपर्यंत सगळ्या गावाने वाचला. न्हाव्याच्या दुकानात त्यावर मोठी चर्चा झाली आणि या वयातही धाकट्या मालकांचं अक्षर बरं आहे, असा निष्कर्ष निघाला. किराणावाल्याने मला थांबवून विचारलं, अपघात कधी झाला, आणि साल सांगितल्यावर म्हणाला, "म्हणजे आता कुणाला लागलेलं नाही ना? मग ठीक." दोनच माणसं घरी येऊन गेली. गोदामावर काकांच्या हाताखाली काम केलेल्या एकाचा मुलगा, तो नुसता हात जोडून उभा राहिला. आणि डॉक्टरीणबाई. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि यंत्र बिघडलं असं समजून पुन्हा पाहिला. पंचविशीतल्या मुलीसारखा होता.

मावशी कपाटातला तो जुना नवा पोशाख घालून खिडकीपाशी बसली होती. मांडीवर अंक. तिने तो तीनदा वाचला. शाई फिकट आहे, म्हणाली. समास तिरका कापलाय, म्हणाली. मग "कामगाराचा काही दोष नाही" या वाक्यावर अंगठा ठेवून ती किती वेळ तशीच बसून राहिली, ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो होतो.

अकराच्या सुमाराला दार वाजलं. धाकट्या मालकांची काळजी घेणारी बाई होती. जिना चढून धापा टाकत होती.

"आजी, आमच्याकडे आज अंकच आला नाही. टाकणाऱ्याला संकोच वाटला म्हणे, आमच्या दाराला, आजच्या दिवशी. सकाळपासून विचारून विचारून डोकं खाल्लंय त्यांनी. तुमचा वाचून झाला असेल तर तासभर द्याल का?"

मावशीने अंकाची घडी घातली. लगेच पुढे केली नाही.

"आणि ते म्हणालेत," बाई ओशाळून म्हणाली, "शब्दकोडं भरलं नसेल तर तसंच कोरं राहू द्या."